उघड्या अंगानं

शर्ट छातीवर दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, पुढं ओढायचा आणि सोडून द्यायचा. ही माझी सवय. खुर्चीवरून उठलो, लिफ्टमध्ये शिरलो, मीटिंगमध्ये बोलायला उभा राहिलो, की आधी ही चिमटी. बायको म्हणायची, आपल्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत तुझा हात छातीपाशीच आहे, लोकांना वाटत असेल नवरदेव फार भावनावश झालाय.

तेराव्या-चौदाव्या वर्षापासून माझ्या छातीला बायकांसारखा उभार होता. सरळ लिहून टाकतो, कारण हे एवढं वाक्य लिहायला मला पंचेचाळिशी उलटावी लागली. मी काही फार लठ्ठ नव्हतो. डाएट केला की गाल बसायचे, मनगटावरचं घड्याळ सैल व्हायचं, छाती मात्र होती तिथंच. बनियनवर बनियन, त्यावर गडद चौकड्यांचा ढगळ शर्ट, असा माझा बारमाही पोशाख. बंगळुरात, बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. इतकी वर्षं तिथं राहून मी त्यात पायाचा अंगठाही बुडवलेला नाही. आणि इकडच्या कित्येक देवळांत पुरुषांना शर्ट-बनियन काढून आत जावं लागतं, त्यामुळं दर सहलीत मी देवळाबाहेर चपला राखत बसायचो. देवावर माझा विश्वास नाही असं मी लोकांना सांगत असे. विश्वास होता, बटणं काढायची तयारी नव्हती.

आम्ही बेळगावचे. वडील शाळामास्तर, आता निवृत्त. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. मी एकुलता एक, नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि इथलाच झालो. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, घर बेळ्ळंदूरला, आणि दोन्हींच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये माझं उरलेलं आयुष्य. अप्पांनी ऐंशी ओलांडली तेव्हा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. त्यांचे गुडघे गेलेले, आईला दम लागायचा, म्हणून बेळगावला न करता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. वैशाखातला मुहूर्त निघाला.

मग गुरुजींचा फोन आला. गुरुजी आमच्याकडचेच, इथं राजाजीनगरला स्थायिक झालेले. त्यांनी सामान सांगितलं आणि शेवटी सहज म्हणाले, "मुख्य म्हणजे तुम्ही. होम झाला की आई-वडिलांच्या डोक्यावर कलशाचं पाणी मुलानं ओतायचं असतं. धोतर आणि उपरणं, बाकी उघडं अंग. वास्तुशांतीला कुडता घालून बसला होता, तसं नको हं या वेळी."

मुलाऐवजी दुसरं कुणी ओतलं तर चालेल का, असं गुरुजींना परत फोन करून विचारायच्या बेतात मी होतो. पण अप्पांचाही फोन आला. ते सहसा आपल्याला काय हवं ते बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "तू ओतणार म्हणून मी बसालोय. न्हाईतर ह्या वयात कशाला ओवाळून घ्यायचं?"

त्या रात्री मी बायकोला म्हटलं, मला डॉक्टरकडं जायचंय. ती म्हणाली, मी तुला आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी म्हटलं होतं.

जयनगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की ही नुसती चरबी नाही, आत ग्रंथी वाढलेली आहे, कितीही पळलात तरी जाणार नाही. मी बावीस-तेवीस वर्षांचा असल्यापासून पळत होतो. त्यांच्या तोंडावर हसावं की रडावं कळेना. ऑपरेशन छोटं, पण नंतर सहा आठवडे छातीभोवती घट्ट पट्ट्याचं जाकीट घालायचं, जड उचलायचं नाही, आणि सूज उतरायला तिचा वेळ लागतो. मी मुहूर्ताची तारीख सांगितली. त्यांनी कॅलेंडर बघून म्हटलं, "जमायला हवं." हे 'जमायला हवं' पुढं दोन महिने माझ्या कानात वाजत राहिलं.

ऑपरेशनआधी एका निळ्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. फोटो काढणारी मुलगी पंचविशीची असेल. ती म्हणाली, "सर, हात खाली ठेवा." मी खाली ठेवले. ती पुन्हा म्हणाली, "सर, हात." माझे हात आपोआप वर जात होते. तिनं मग मला हसून सांगितलं की नंतर तुमचा कॉन्फिडन्स बघा कसा वाढतो. मला तिचा भयंकर राग आला. जो कधी नव्हताच तो वाढणार कुठून?

शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर कुणी तरी बसलंय असं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी नळ्या निघून दोन प्लास्टिकच्या भोपळ्यांत रक्ताळलेलं पाणी जमा होत होतं. त्या नळ्या निघाल्या, तरी पुढं छातीपासून बेंबीपर्यंत अंग निळं, मग हिरवं, मग पिकल्या केळ्यासारखं पिवळं होत गेलं. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. काढलेला भाग तपासायला पाठवलाय, तेही नेहमीचंच, काळजी नको. काळजी नको म्हटलं की मला जास्तच काळजी लागते. रिपोर्ट साधा आला, तोवर मी इंटरनेटवर स्वतःला तीनदा मारून टाकलं होतं.

एप्रिलचं ऊन आणि अंगाला ते जाकीट. घामानं खाज सुटायची आणि खाजवायला जागा नाही. आंघोळीपुरतं ते निघायचं. तेवढ्यात मी आरशासमोर उभा राहायचो, आधी समोरून, मग एका अंगावर. छाती सपाट झाली होती हे खरं. पण डावी बाजू उजवीपेक्षा जरा फुगीर नाही का? कालपेक्षा जास्त नाही का? हाताला काही कळायचं नाही, त्वचा बधिर होती. मी बायकोला हाका मारायचो. ती यायची, चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "अरे, सूज आहे. तू दर तासाला बघितलंस तर ती काय लाजून जाणारे का?"

आई-अप्पांना मी ऑपरेशनचं काही कळवलं नव्हतं. एके दिवशी आईचा फोन आला. मी आंघोळीला होतो, फोन बायकोनं घेतला. तुझा आवाज असा का, तो ऑफिसला का गेला नाही, असं आईनं खोदून खोदून विचारलं. बायको पुण्याची, तिला थापा मारायची सवय नाही. तिनं मला विचारून काय ते सांगायला हवं होतं, पण गडबडीत तिच्या तोंडून गेलं, "छातीत छोटीशी गाठ होती आई, काढून टाकली. काही नाही."

आमच्या घरात 'गाठ' हा शब्द कुणी तसा सहज उच्चारत नाही. अप्पांची थोरली बहीण, आमची अक्कात्या, छातीतल्या गाठीनंच गेली. मी लहान होतो. शेवटचे महिने ती आमच्याच घरी मधल्या खोलीत होती, आणि अप्पा शाळेतून आले की आधी तिच्या उशाशी जाऊन बसायचे. बायकोला हे ऐकून माहीत होतं, आठवायला मात्र वेळ मिळाला नाही. मी बाथरूममधून बाहेर आलो तेव्हा ती फोन हातात घेऊन उभी होती. "आई काहीच बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "नुसता फोन ठेवला."

मी तेव्हाच फोन लावून खरं सांगायला हवं होतं. हातात फोन घेतला, पण काय सांगणार? आई, गाठ नव्हती, मला बायकांसारखी छाती होती, ती कापून घेतली? हे वाक्य मी मनात बरंच फिरवून बघितलं. कुठूनही धरलं तरी ते बोलता येईना. मग मी मूग गिळून गप्प बसलो आणि आई-अप्पा समारंभाच्या बरेच आधी येतो म्हणाले तरी गप्पच राहिलो.

सकाळच्या गाडीला त्यांना घ्यायला गेलो. अप्पा डब्यातून उतरले आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं न बघता आधी माझ्या छातीकडं बघितलं. आयुष्यभर ज्या नजरेला मी भ्यालो ती ही नजर, पण तिच्यात दुसरंच काही तरी होतं, आणि ते जास्त वाईट होतं. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्याबरोबर एक मोठी पिशवी होती. समारंभाचा पितळी कलश, लोणच्याच्या बरण्या, भाजणी, कुंद्याचे डबे, असं सगळं. हमाल कुठं दिसेना आणि अप्पा वाकून पिशवीला हात घालायला लागले. ऐंशी वर्षांच्या बापाला ओझं उचलू देणारा मुलगा आमच्याकडं अजून जन्माला यायचाय. मी पिशवी उचलली आणि जिन्यानं वर चढलो.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू टम्म फुगली. दाबलं की आत पाणी हलल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, आत द्रव साठलाय, सुईनं काढून टाकू, या. मी आणि बायको घाईघाईनं निघालो. आई दारात उभी राहून विचारत होती, "पुन्हा का बोलावलं?" मी म्हटलं, "अगं, रुटीन." तिनं तो शब्द तसाच गिळला.

सुईनं पाणी काढलं, जाकीट आणखी आवळलं, पुन्हा यायला सांगितलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील याची खात्री आता देता येणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले. घरी आलो तर आईनं माझ्यासाठी तूप घालून गुरगुट्या भात केला होता. तिनं स्वतः चहा घेतला नव्हता. चहाशिवाय आईची सकाळ होत नाही. ॲसिडिटी झालीय, म्हणाली. नंतर बायकोनं मला हळूच सांगितलं की ॲसिडिटी वगैरे काही नाही, तू बरा होईपर्यंत त्यांनी चहा सोडलाय.

अप्पा त्या दिवसांत फार गप्प झाले. एरवी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले की खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर, पलीकडच्या तळ्यावर सांडपाण्यानं येणाऱ्या फेसावर, वॉचमनच्या कन्नडवर शेरे मारत. आता नुसते पेपर उघडून बसायचे. एका दुपारी मी खोलीत पडलो होतो आणि ते गॅलरीत फोनवर बोलत होते. गुरुजींना सांगत होते, "आता नको. बेडा. पोराला बरं न्हाई, आणि मी काय दिवे ओवाळून घेऊ? पुढं बघू की. न्हाई झालं तर न्हाई." पलीकडून गुरुजी मुहूर्ताचं काही तरी बोलले असावेत. अप्पा म्हणाले, "मुहूर्त माझा हाय, गुरुजी. पोराचं काय?"

ज्या दिवसासाठी मी हे सगळं करून घेतलं होतं, तो दिवसच माझ्या खोटेपणामुळं मोडत होता. आता कुणाची छाती सपाट असली काय आणि नसली काय.

तरीही मी उठून गॅलरीत गेलो नाही. का गेलो नाही, त्याचं कारण शोधायला मला बेळगावच्या शाळेच्या मैदानात जावं लागतं. आठवीत असेन. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचे कबड्डीचे सामने असत आणि अप्पा पंच. गणवेश वगैरे काही नव्हता, एका संघानं सदरे काढायचे, एकानं ठेवायचे, म्हणजे ओळखू येतं. आमच्या संघाच्या वाट्याला सदरे काढणं आलं. मी काढला. क्षणभर काही नाही, मग कुणी तरी मला 'बाई' म्हणून हाक मारली, आणि सगळं मैदान हसलं. मी हात आवळून उभा राहिलो. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर टॉवेल पडला. अप्पांचा, गळ्याशी घाम पुसायला ठेवलेला. ते म्हणाले, "गार वारं सुटलंय, अंग झाक," आणि मला घेऊन गुणफलकापाशी गेले, खडू दिला, आकडे लिहायला बसवलं. सामना पुढं सुरू झाला. ते काही पाहूनच आले की त्यांना खरंच वारं लागत होतं, हे मला कधी कळलं नाही, आणि आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मला आपलं वाटत आलं की त्यांना काही ठाऊक नाही. तेवढ्या एका भरवशावर मी त्यांच्यासमोर मान वर करून जगत होतो.

पुढच्या तपासणीला अप्पा म्हणाले, "मी येणार." नको म्हणायची सोयच नव्हती, ते आधीच कोट घालून बसले होते. बायकोला ऑफिस होतं. दवाखान्यात शिरल्यावर त्यांनी काउंटरवरच्या मुलीला कन्नडमध्ये विचारलं, कॅन्सरचे मोठे डॉक्टर कुठं बसतात? ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही बसा, मी आलोच. त्यांना सोफ्यावर बसवलं. शेजारी एक पन्नाशीची बाई बसली होती. पहिल्या तपासणीला मी आलो तेव्हा ती पोटावर हात धरून कमरेत वाकून चालत होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं. आम्ही एकमेकांकडं बघून मान हलवायचो, बस. त्या दिवशी ती ताठ बसली होती आणि चांगली रेशमी साडी नेसून आली होती. भिंतीवर नाकांची, पोटांची, आधीची आणि नंतरची चित्रं होती. अप्पा शाळामास्तर, भिंतीवर लिहिलेलं ते वाचल्याशिवाय राहणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात मला आत बोलावलं.

या वेळी पाणी थोडंच निघालं. डॉक्टर म्हणाले, बरं चाललंय, हळूहळू बाहेर पडा, हात वर करायला घाबरू नका. मी बाहेर आलो तर अप्पा आणि ती बाई कन्नडमध्ये काही बोलत होते. मला बघून ती हसली आणि गप्प झाली. अप्पाही उठले.

परतीच्या टॅक्सीत सिल्क बोर्डाच्या चौकात अडकलो. पुढं बस, मागं बस, बाजूला सिमेंटचा मिक्सर. ड्रायव्हर उत्तरेकडचा, कानात यंत्र घालून आपल्या घरच्यांशी हिंदीत बोलत होता. मला वाटलं, इथून कुणी उठून जाऊ शकत नाही. तेव्हा आत्ता.

"अप्पा," मी म्हटलं, "गाठ नव्हती."

मग मी सगळं सांगितलं. बनियनवर बनियन घालायचो ते, देवळाबाहेर बसायचो ते, वास्तुशांतीचा कुडता, गुरुजींचा फोन, निळा पडदा. मला मुलीसारखी छाती होती हे वाक्य मी माझ्या बापाला सांगितलं, आणि सांगताना माझी दोन बोटं शर्टाकडं गेली होती. ती मी मांडीखाली दाबून धरली.

"झालं सांगून?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"त्या बाईनं सांगितलं मघाशी. अज्जा, म्हणाली, इथं कॅन्सर-गिन्सर कुणाला नसतंय, इथं माणसं नीट दिसायला येतात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रिपोर्ट आला?"

"आला. साधा आहे. काही नाही."

"खरं सांगालास न्हवं?"

"खरं, अप्पा."

त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीनं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग ते रागावले. आवाज चढवला नाही, पण मला शाळेतले अप्पा आठवले. "अक्का कशानं गेली ते तू डोळ्यांनी बघितलंस. तुझी आई बेळगाव सोडल्यापासून धड जेवली न्हाई. मी देवाला काय काय म्हटलं ते मी तुला सांगणार न्हाई. असल्या गोष्टीचं खोटं बोलू नये." मी मान खाली घातली. ते म्हणत होते ते बरोबरच होतं.

सिग्नल हिरवा झाला, गाडी दोन हात पुढं सरकली आणि पुन्हा तांबडा झाला. तेव्हा त्यांनी विचारलं, "दुखालंय काय रे?"

मला रडू आलं. रस्त्यातल्या त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नसेल. मी म्हटलं, "आता नाही. आधी फार दुखलं."

"हं," अप्पा म्हणाले. "आईला मी सांगतो, तू नको. आणि गुरुजींना फोन लाव, नको म्हटलेलं परत हवं म्हणून सांग."

घरी गेल्यावर ते आईला घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी हॉलमध्ये उभा राहून पंख्याकडं बघत होतो. थोड्या वेळानं आई बाहेर आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, चेहऱ्याकडंच. "एवढंच होतं तर सांगायचं की," ती म्हणाली. "मी काय परकी हाय?" मग आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं. आल्याचा वास आला तेव्हा कुठं मी खाली बसलो.

पण माझी भीती काही सरली नव्हती, तिनं नुसती जागा बदलली होती. आता दिवस पक्का झाला होता आणि तो जवळ येत होता. डावीकडं किंचित फुगवटा राहिलाच होता. टाक्यांच्या जागी तपकिरी अर्धवर्तुळं होती. माहीत असणाऱ्याला दिसली असती. समारंभाच्या सकाळी मी जाकीट काढलं आणि मला ते नसताना अधिकच उघडं वाटायला लागलं. धोतर नेसलो, उपरणं दोन्ही खांद्यांवरून असं गुंडाळलं की मफलर वाटावा. बायको म्हणाली, "तुला थंडी वाजतेय का?" मी उपरणं आणखी आवळलं.

हॉलमध्ये ऑफिसातली पाच-सात मंडळी, सोसायटीतले शेजारी, बेळगावहून आलेले नातेवाईक. मी दारातून पाटापर्यंत चालत गेलो. एवढंसं अंतर मला सिल्क बोर्डाच्या चौकाइतकं लांब वाटलं. आणि कुणी बघितलंच नाही. कुणी फोनमध्ये, कुणी उपम्याच्या ताटात, शेजारचे गृहस्थ एसी का चालू नाही म्हणून व्यवस्थापकाशी भांडत होते. खरं सांगतो, मला थोडा रागच आला. इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून लपत आलो ते लोक हे, आणि यांना उपमा पडला होता.

होम सुरू झाला. एसी होमाच्या धुरामुळं बंद, खिडक्या बंद कारण बाहेर मेट्रोच्या बांधकामाची धूळ. वैशाखातली दुपार. समिधा पडत होत्या, तूप पडत होतं, गुरुजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आई आणि अप्पा शेजारी शेजारी बसले होते. अप्पांचं अंग उघडं, सैल पडलेलं, पांढऱ्या केसांचं, त्यावर जानवं. ते रोज पूजेला तसेच बसत आले होते. मी कधी त्यांच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, मी माझ्याकडंच बघण्यात गुंतलो होतो.

गुरुजींनी कलश माझ्या हातात दिला. भरलेला पितळी कलश, बेळगावहून आलेला तोच, चांगला जड. दोन्ही हातांनी धरावा लागत होता. मी वाकलो आणि आईच्या डोक्यावर थोडं पाणी सोडलं, मग अप्पांच्या. वाकताना माझं उपरणं खांद्यावरून घसरलं आणि कोपरावर येऊन लटकलं. सगळ्यांसमोर माझी छाती उघडी होती, डावी-उजवी, अर्धवर्तुळांसकट. माझी दोन बोटं चिमटीसाठी वळवळली, पण हातात कलश होता आणि कलशातून अप्पांच्या डोक्यावर पाणी पडत होतं. ते मध्येच थांबवता येत नाही.

पाणी संपलं. अप्पांनी डोळे उघडले. तोंडावरून पाणी निथळत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हात लांब केला, माझं घसरलेलं उपरणं उचललं आणि माझ्या छातीवरून ओढून खांद्यावर टाकलं.

"गार वारं सुटलंय," ते हळूच म्हणाले. "अंग झाक."

हॉलमध्ये वाऱ्याची झुळूक नव्हती. समोर होम धगधगत होता आणि घामानं माझी पाठ ओली होती. आणि मला आठवलं, आमच्या शाळेच्या मैदानातही मे महिन्यात कधी गार वारं नसायचं.

मी कलश खाली ठेवला. उपरणं खांद्यावरून काढलं, त्याची घडी केली आणि पाटाशेजारी ठेवली.

"नाही अप्पा," मी म्हटलं. "उकडालंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, एकदा त्या घडीकडं बघितलं, आणि ओल्या हातानं तोंडावरचं पाणी पुसलं.

"व्हय," अप्पा म्हणाले. "उकडालंय खरं. तेव्हाबी उकडतच होतं."